रसायनशास्त्राच्या दारावरच्या अटी



मागे आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, मग अंतर्गत कर्जाची मागणी सुरू झाली. कोणाला शेळी घ्यायची होती, कोणाला बियाण्याला पैसे हवे होते. शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या एका ताई म्हणाल्या, "मले पाच हजार पाहिजे. पोरीच्या परीक्षेच्या फारमाले अन् जाण्या-येण्याले."

"कायची परीक्षा वं?" अध्यक्षांनी विचारलं.

ताईंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. मुलगी बारावी सायन्सला आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा एक अभ्यासक्रम असतो. त्यात रसायनशास्त्राची पहिली पदवी आणि त्यापुढची पदवी, दोन्ही एकाच प्रवेशात होतात. त्याची ती प्रवेश परीक्षा. कागद हातोहात फिरला. कोषाध्यक्ष म्हणाली, "पाच वर्सं? तीन वर्सात नाही होत का ते? तोवर पोरगी तेवीस वर्साची होईन." दुसरी म्हणाली, "अन् आपल्या पोरीले घेतीन का तिथं? लय अटी असतीन."

त्या दिवशी काही ठरलं नाही. अटी काय असतात ते पुढच्या बैठकीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.ए. झालेली, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरता. पण माहिती काढायला बसले आणि अटींच्या मागे अटी काढत थेट 1933 सालापर्यंत जाऊन पोचले. आज तुम्हाला तीच गोष्ट सांगणार आहे. मुलगी दहावी-बारावीला असेल तर तिलाही रेडिओजवळ बसवा.

1933 साली मुंबई विद्यापीठातून एक मुलगी बी.एस्सी. झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. तिचं नाव कमला भागवत. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या सख्ख्या धाकट्या बहीण. जन्म 1911 सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, आणि तेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून 1909 साली उभी राहिलेली ही संस्था म्हणजेच आजची भारतीय विज्ञान संस्था. तेव्हा घरात रसायनशास्त्र बोललं जायचं. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच आपणही पुढचं शिकायचं, असं कमलाताईंनी ठरवलं होतं. गुणवत्ता यादीत त्या पहिल्या होत्या. त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रवेशाला जे लागायचं ते सगळं त्यांच्याजवळ होतं.

अर्ज केला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, 1930 साली नोबेल पारितोषिक मिळवलेले. बाईमाणसाला संशोधन जमणार नाही, म्हणून प्रवेश नाही, एवढंच कारण होतं. गुण कमी नव्हते, विषय चुकीचा नव्हता, फी भरायची तयारी होती.

कमलाताई गांधीजींच्या विचारांत वाढलेल्या होत्या. त्या बंगळूरला गेल्या आणि कारण लेखी द्या म्हणून अडून बसल्या. संचालकांच्या कार्यालयापुढे त्यांनी सत्याग्रह केला, असं सांगतात. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील, परीक्षेवर असतील. कामाचा दर्जा पटल्याशिवाय संचालक त्या कामाला मान्यता देणार नाहीत. आणि त्यांच्या असण्यामुळे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

मैत्रिणींनो, या तीन अटी एकदा नीट पाहा. पहिल्या दोन अटी कामाच्या होत्या. काम करून त्या पूर्ण करता येत होत्या, जरी मुलांना कोणी त्या घातल्या नव्हत्या. तिसरी अट मात्र दुसऱ्याच्या नजरेची होती. दुसऱ्याचं लक्ष कुठे जातं, याचा जिम्मा कमलाताईंवर. अशी अट कोणी कशी पूर्ण करणार?

त्यांनी ते वर्ष काढलं. श्रीनिवासय्या नावाचे शिक्षक मार्गदर्शक म्हणून लाभले. दूध, डाळी, शेंगवर्गीय धान्य यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं. वर्ष संपल्यावर संचालकांना काम पटलं आणि कमलाताईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एकीनं परीक्षेवरचं वर्ष काढलं म्हणून मागून येणाऱ्यांसाठी दार उघडलं. 1936 साली त्यांची एम.एस्सी. पूर्ण झाली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांच्या कामासाठी नोबेल मिळवलेले हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तिथे होती. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हा घटक असतो, असं त्यांनी दाखवलं. पेशी श्वास घेतात त्या कामात हा घटक लागतो. 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आणि गंमत पाहा, ज्या केंब्रिजला आपण एवढं पुढारलेलं समजतो, त्यानं स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं पदवीचा पूर्ण हक्क दिला तो 1948 साली, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यानंतर. तेव्हा बाईसाठी दाराशी वेगळी अट ठेवायची रीत एकट्या आपल्या देशाची नव्हती.

शिकून त्यांनी काय केलं, हे बैठकीत कोणीतरी विचारणारच म्हणून मी तेही शोधलं. त्या भारतात परतल्या, आधी दिल्लीला आणि मग कुन्नूरला काम केलं. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. शिंदीच्या झाडाच्या ताज्या रसावर, म्हणजे नीरेवर, त्यांनी संशोधन केलं. गरोदर बायांना आणि कुपोषित आदिवासी मुलांना नीरेतून पोषण मिळतं, असं त्यातून दिसलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्यांचं आणखी एक काम तर आपल्या चुलीजवळचं आहे. कच्च्या कडधान्यांत असे काही घटक असतात, जे पोटात प्रथिनं पचू देत नाहीत. 1950च्या दशकात कमलाताई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय धान्यांतल्या या घटकांचा अभ्यास केला. आपल्या जिल्ह्यात घरोघर सोयाबीन पिकतं. गटातल्या बाया सोयापीठ करतात तेव्हा प्रशिक्षणात पहिली गोष्ट हीच सांगतात, की सोयाबीन कच्चं दळू नका, आधी उकळा किंवा भाजा. का? तर सोयाबीनमध्ये तोच पचन अडवणारा घटक भरपूर असतो आणि तो उष्णतेनं मोडतो. आपण हे नियम म्हणून पाळतो. त्या नियमामागे कोणीतरी प्रयोगशाळेत उभं राहून घालवलेली वर्षं आहेत.

निवृत्तीनंतरही त्या बसून राहिल्या नाहीत. ग्राहकांच्या हक्कांसाठी 1966 साली मुंबईत बायांनी पुढाकार घेऊन एक संस्था सुरू केली होती. कमलाताई तिच्या कामात होत्या, 1982-83 साली अध्यक्षही होत्या. भेसळ कशी ओळखावी, यावर त्या सामान्य माणसाला कळेल असं लिहीत. 1998 साली त्या गेल्या. त्याच वर्षी 1 जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा झाला.

आता या बाजूला या. कमलाताईंच्या मागे शिकलेले वडील होते, काका होते. मुंबईत कॉलेज होतं. आपल्याकडच्या मुलीसमोर अट वेगळी होती, ती म्हणजे अंतर. विदर्भात आधी नागपूर विद्यापीठ, 1923 सालचं. आपल्या भागासाठी अमरावतीला वेगळं विद्यापीठ झालं ते 1983 साली. तालुक्याच्या ठिकाणी पदवीपर्यंतचं विज्ञान हळूहळू आलं, पण एम.एस्सी. म्हटलं की मोठं गाव गाठावं लागायचं.

वर्षांची मांडणीही अशी होती की मधे मधे थांबे. 1970च्या दशकात महाराष्ट्रात दहावी, मग दोन वर्षं बारावी, मग तीन वर्षं पदवी, अशी नवी रचना आली. नव्या रचनेची पहिली दहावी 1975 साली झाली. पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षं. म्हणजे बारावीपासून मोजली तर पाचच वर्षं, पण मधे एक उंबरठा. तिसऱ्या वर्षाचा निकाल, मग नवा अर्ज, नवी यादी, नवी फी, नवं वसतिगृह. मुलगा हा उंबरठा ओलांडून जायचा किंवा नोकरीला लागायचा. मुलीच्या बाबतीत त्याच सुट्टीत पाहुणे यायचे. "पदवी झाली आता" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मीही ऐकलं, माझ्याच घरात.

मी तर विज्ञानाला गेलेच नाही. दहावीला गुण बरे होते, पण सायन्सचं कॉलेज तालुक्याला, आणि तास संपल्यावर प्रात्यक्षिकं संध्याकाळपर्यंत चालायची. शेवटची एस.टी. चुकली तर काय, या एका प्रश्नावर माझी शाखा ठरली. मी कला शाखा घेतली. त्याचं दुःख मला रोज नाही, काम मला आवडतं. पण ही माहिती काढताना एक तारीख दिसली आणि मी थोडी थांबले. 2006 साली पुण्यात भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था सुरू झाली. तिला आयसर म्हणतात. मी त्याच सुमारास कॉलेजात होते. आपल्याच राज्यात असं काही सुरू झालंय, हे आमच्या वर्गात कोणाच्या कानावरही आलं नव्हतं.

आयसरमागचा विचार असा होता, की आपल्याकडे शिकवणं एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, अशी फाळणी झाली आहे. कॉलेजातली मुलं प्रयोगशाळेतलं खरं काम पाहतच नाहीत. म्हणून बारावीनंतर लगेच मुलांना घ्यायचं, पहिली पदवी आणि पुढची पदवी एकत्र बांधायची, आणि शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष संशोधन करून घ्यायचं. पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार मंडळानं ही शिफारस केली होती. त्याचे अध्यक्ष सी. एन. आर. राव हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. 2007 साली मुंबईत, विद्यापीठाच्या कलिना परिसरात, मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून मूलभूत विज्ञानाचं केंद्र सुरू केलं. तिथे रसायनशास्त्राचा पाच वर्षांचा एकत्रित एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. आणि 2018 साली आपल्या शेजारच्या मराठवाड्यात, जालन्याला, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आलं. ही मूळ संस्थाही 1933 सालचीच, कमलाताई बी.एस्सी. झाल्या त्याच वर्षीची. तिथे तंत्रज्ञानाकडे जाणारा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे.

आता ताईंच्या कागदावरच्या अटी. आयसरसाठी बारावी विज्ञान शाखेतून हवी. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र या चारपैकी किमान तीन विषय हवेत. बारावीला खुल्या आणि इतर मागास वर्गासाठी किमान 60 टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग मुलांसाठी 55 टक्के. प्रवेश मिळतो तो प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. तीन तास, 60 प्रश्न, चारही विषयांचे पंधरा पंधरा. मुंबईच्या केंद्राची परीक्षा वेगळी, तिला नेस्ट म्हणतात, गुणांची अट जवळपास तीच. बारावी होऊन किती वर्षं चालतात, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे दर वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचं, कारण ते बदलतं.

यात मुलींसाठी वेगळी अट शोधली. एकही नाही. 1933 सालची ती तिसरी अट आता कोणत्याच कागदावर नाही.

मात्र यातली एक गोष्ट आपल्या घरांसाठी महत्त्वाची आहे. चारपैकी तीन विषय चालतात म्हणून पुष्कळ मुली अकरावीला गणित सोडतात. कागदावर चालतं, पण परीक्षेत गणिताचे पंधरा प्रश्न असतात आणि रसायनशास्त्र पुढे गेलं की गणिताशिवाय हलत नाही. "पोरीले गणित कायले?" असं आपणच म्हणतो. हे दार बारावीनंतर उघडतं, पण बंद होतं ते अकरावीला शाखा आणि विषय भरतानाच.

बाहेरगावच्या संस्थेत नंबर लागला नाही, तर सगळं संपलं का? इथे नवी रचना समजून घ्या. 2020 साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. 2024-25 पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी जोडलेल्या कॉलेजांतही ते लागू झालं, त्यात आपल्या जिल्ह्यातली अमरावती विद्यापीठाची कॉलेजंही आली. आता पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची. तीन वर्षांनी थांबून एम.एस्सी.ला गेलात तर पुढे दोन वर्षं. चार वर्षं केली तर एम.एस्सी. एक वर्षात. चौथ्या वर्षी संशोधन घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. म्हणजे तीन अधिक दोन असो, चार अधिक एक असो, नाहीतर एकत्रित असो, बेरीज पाचच येते. अमेरिकेतल्या विद्यापीठांतही चार अधिक एक अशी जोडपदवी असते. तिथे तिसऱ्या वर्षाच्या आसपास अर्ज करायचा असतो आणि काही विषयांचे गुण दोन्ही पदव्यांत धरले जातात.

नव्या रचनेत अभ्यास मोजतात तो श्रेयांकात, ज्याला सगळे क्रेडिट म्हणतात. वर्गातले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रयोगशाळेतले तीस तास म्हणजे एक. वर्षाला किमान 40, पाच वर्षांत किमान 200. हे क्रेडिट मुलीच्या नावानं एका खात्यात जमा होतात. 2021 साली सुरू झालेल्या त्या व्यवस्थेचं नावच श्रेयांक बँक आहे. आपल्याला हे समजायला जड नाही. आपलं बचतीचं पासबुक जसं, तसं हे शिक्षणाचं. मधे खंड पडला तरी जमा झालेलं बुडत नाही, ठरलेल्या मुदतीत परत येऊन पुढे भर घालता येते. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची सोयही आहे.

मग कोषाध्यक्षांचा प्रश्न, लवकर नाही होत का? त्याचंही उत्तर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2024च्या नोव्हेंबरात जलदगती पदवीला मान्यता दिली. हुशार विद्यार्थ्यांपैकी, प्रवेशसंख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत, ही मुभा देता येते. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर कॉलेजची समिती मुलाची तयारी तपासते. तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त एक सत्र, म्हणजे सहा महिने, लवकर होऊ शकते. चार वर्षांची दोन सत्रं लवकर. पण क्रेडिट एकही कमी होत नाही, दर सत्राला जास्त उचलावे लागतात. कर्जाचा हप्ता वाढवून मुदत कमी केली तर मुद्दल तेवढंच राहतं ना, तसं. आणि सगळीकडे ही सोय सुरू झाली असेलच असं नाही, कॉलेजात विचारावं लागेल.

तेव्हा तीन वर्षांत रसायनशास्त्राच्या दोन्ही पदव्या होत नाहीत. होणारही नाहीत. प्रयोगशाळेत हात बसायला वेळ लागतो. हळद पॅक करणाऱ्या गटांना हे चांगलं ठाऊक आहे. नमुना तपासणीला पाठवायचा म्हटलं की तो मोठ्या शहरात जातो, अहवालाची वाट पाहावी लागते. हळदीत शिशाचा रंग आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. ते सांगणारं माणूस बहुतेक वेळा रसायनशास्त्र शिकलेलं असतं. आपल्या रिसोड-मालेगावकडच्या हळदीचा नमुना तपासणारी मुलगी आपल्याच जिल्ह्यातली का असू नये?

एकत्रित अभ्यासक्रमाचा खरा फायदा मला वर्षांत दिसला नाही, उंबरठ्यात दिसला. तिसऱ्या वर्षी नवा अर्ज करायचा नसतो. त्यामुळे "पदवी झाली आता" म्हणायला सुट्टीच मिळत नाही. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. मुलीला तो विषय आवडेनासा झाला, किंवा घरात आजारपण आलं, तर मधे बाहेर पडता आलं पाहिजे. म्हणून प्रवेश घेण्याआधी एक प्रश्न विचाराच. मधेच थांबलं तर हाती काय मिळतं? उत्तर तोंडी घेऊ नका, माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

पैशाचंही बोलू. केंद्र सरकारनं 6 नोव्हेंबर 2024 रोजी पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न घेता शैक्षणिक कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेतलेला नसेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात, परतफेड सुरू होण्याआधीच्या काळात, 3 टक्के सवलत. राज्य सरकारनंही जुलै 2024 मध्ये 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना ठरावीक प्रवर्गांत व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. विज्ञानाची पदवी त्यात येते असं धरून चालू नका, समाजकल्याण कार्यालयात किंवा कॉलेजात आधी विचारा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉनक्रिमिलेअर हे प्रवेशाच्या आठवड्यात मिळत नाहीत. बारावीच्या दिवाळीतच तहसीलला अर्ज टाका.

हे सगळं घेऊन मी पुढच्या बैठकीला गेले. कमलाताईंची गोष्ट आधी सांगितली, अटी नंतर. तिसऱ्या अटीपाशी आल्यावर सगळ्या हसल्या. मग एक मावशी हळूच म्हणाल्या, "आता ती अट कालेजात नाही म्हनतेस. आपल्या घरी हाय ना ती." कोणी काही बोललं नाही. मला वाटतं, या सगळ्या माहितीतलं सर्वात खरं वाक्य ते होतं. शेवटची गाडी, लोक काय म्हणतील, तेवीस वर्षांची होईल, या आपल्या घरातल्या अटी कोणत्याही माहितीपत्रकात छापलेल्या नसतात. अभ्यास करून मुलीला त्या पूर्ण करता येत नाहीत. त्या फक्त आपण मागे घेऊ शकतो. कमलाताईंना रसायनशास्त्र शिकलेले वडील-काका होते, कोणत्या दारावर जायचं ते त्यांनी सांगितलं. आपल्या मुलींकडे ते नाही. तिथे दहा-बारा बायांचा गट उभा राहू शकतो. कोणी तारखा लक्षात ठेवेल, कोणी दाखल्यांसाठी तहसीलला सोबत जाईल, कोणी परीक्षेच्या केंद्रापर्यंत.

पाच हजार रुपये मंजूर झाले, दहा हप्त्यांत फेडायचे. परीक्षेचा निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि नाही लागला तरी आपल्याच जिल्ह्यातल्या कॉलेजात बी.एस्सी.चा रस्ता आहेच. मुलीला तो आता पाठ आहे. ठराव लिहिताना कोषाध्यक्षांनी कर्जाच्या कारणाच्या रकान्यात "शिक्षण" असं लिहिलं. आमच्या त्या वहीत हे कारण पहिल्यांदाच आलं. बैठक संपल्यावर चपला घालता घालता त्या माझ्याजवळ आल्या. त्यांची मुलगी आठवीत आहे. विचारलं, "ताई, म्हंजे तिचं गणित नाही ना सोडू द्याचं?"

नाही सोडू द्यायचं, मैत्रिणींनो.